'इन्व्हेंटरी' : साठा, शिल्लक की मालसूची?

भाषांतरकर्ती : अमेरिकेचा सेन्सस ब्यूरो दर महिन्याला घाऊक व्यापाराचे आकडे प्रसिद्ध करतो. त्यांवरील एका लेखाचे मराठी करताना मी अडले आहे. तयार कपडे, ताग्यातले कापड आणि बटणे, चेन, दोरा असे शिवणसाहित्य तिथे एकाच गटात मोजले जाते. महिनाअखेरीस व्यापाऱ्यांकडे असलेल्या या मालाच्या 'इन्व्हेंटरी'ला मी 'साठा' म्हटले. 'साठा' वाचून साठेबाजी आठवते, असे सांगून संपादकांनी तिथे 'शिल्लक' केले. परंतु नाताळच्या विक्रीसाठी मुद्दाम भरून ठेवलेल्या मालाला शिल्लक कसे म्हणावे?

इचलकरंजीकर : ताई, आपल्या संपादकांचे बरोबर आहे. आमचे घाऊक कापडाचे दुकान होते आणि वडील दर वर्षी पाडव्याआधी 'शिल्लक काढत'. प्रत्येक ताग्याला एक चिठ्ठी टाचलेली असे. कापड कापून दिले की जुना आकडा खोडून त्याखाली उरलेले मीटर लिहायचे, हे काम माझ्याकडे होते. न उघडलेल्या गाठीही वहीत शिल्लक म्हणूनच चढत. अडत्याचा म्हणून ठेवलेला माल मात्र त्यात धरत नसत, कारण तो आमचा नव्हे.

भाषांतरकर्ती : हा भेद त्या आकड्यांतही आहे. स्वतःच्या मालकीचा माल विकणारेच व्यापारी त्यांत धरले जातात. दलाल आणि अडते वगळलेले असतात.

परिभाषाप्रेमी : 'मालसूची' हा नेमका शब्द असताना बाजारातल्या बोलीकडे का वळावे, हे मला कळत नाही. परिभाषा बाजाराच्या वर असावी लागते.

निवृत्त हिशेबनीस : सूची म्हणजे यादी. गोदामात यादी वाढत नाही, माल वाढतो. इंग्रजी शब्द यादी आणि माल या दोहोंना चालतो, म्हणून मराठीनेही एकाच शब्दात दोन्ही कोंबावे असे नाही. मी 'मालसाठा' लिहीन. खरी अडचण पुढेच आहे. अर्थतज्ज्ञ नुसता साठा पाहत नाहीत. ते त्याला महिन्याच्या विक्रीने भागतात. भागाकार 2 आला, तर चालू वेगाने दोन महिने पुरेल इतका माल हाताशी आहे. 2020 च्या वसंतात दुकाने बंद झाली आणि हे प्रमाण एकदम चढले; ते मुख्यतः विक्री कोसळल्यामुळे. 2021 मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांबाहेर जहाजे खोळंबली, व्यापाऱ्यांनी धास्तीने लवकर मागण्या नोंदवल्या आणि 2022 मध्ये उशिराचा व लवकरचा माल एकदमच गोदामांत येऊन पडला. पहिल्या वेळी मालाला 'उठाव' नव्हता, दुसऱ्या वेळी माल 'तुंबला'. बाजाराकडे या दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत. 'मालसूची वाढली' असे लिहिले की हा फरक पुसला जातो.

इचलकरंजीकर : मग 'साठा-उठाव प्रमाण' म्हणा. प्रत्येक व्यापाऱ्याला ते कळेल.

परिभाषाप्रेमी : शाळेत शिकलेल्या वाचकाला 'उठाव' म्हणजे 1857 चा उठाव. शिवाय आपण सर्वांनी साठ्याच्या आकड्याला 'निर्देशांक' (इंडेक्स) समजू नये; डॉलरमधला साठा हा निर्देशक (इंडिकेटर) आहे. घाऊक किंमत निर्देशांक निराळा. त्यात कापड आणि तयार कपडे असतात, पण त्यांच्या किमती मोजतात, साठा नव्हे.

निवृत्त हिशेबनीस : या मुद्द्यावर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

पुणेकर वाचक : 'घाऊक' हाच शब्द का? आमच्याकडे 'ठोक' म्हणत. सौदा ठरला की हातावर हात ठोकायचे, त्यावरून तो आला असावा.

परिभाषाप्रेमी : हिंदीत तो 'थोक' आहे, त्यात ठोकणे नाही. आपली व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण 'थ' कुठे गेला हे ती सांगत नाही.

पुणेकर वाचक : हिंदीतून आला असे आपण गृहीतच का धरता? आमच्या आजोबांना हिंदी येत नव्हते आणि ते 'ठोक भाव'च म्हणत.

भाषांतरकर्ती : आणखी एक पेच आहे. या गटाच्या नावात फक्त कपडे, कापड आणि शिवणसाहित्य आहे, परंतु वर्गीकरणात पादत्राणांचे घाऊक व्यापारीही त्यातच येतात. मराठी मथळ्यात जोडे घालावेत का?

इचलकरंजीकर : कापडाच्या वहीत जोडे? वडिलांनी ते पान फाडले असते.