'कन्सिडरेशन'ला मराठीत एकच शब्द चालेल का?

दस्तलेखक, पंचवटी
इंग्रजी मसुद्यातलं 'इन कन्सिडरेशन ऑफ', म्हणजे '-च्या बदल्यात', थेट मराठीत आणताना 'चाळीस लाख रुपयांच्या विचारात' असं लिहिलं जातं. हे साफ चूक आहे. माझं मत: दस्तात सगळीकडे 'मोबदला' हाच शब्द ठेवा. सूची २ मध्येही (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे शेजारी-शेजारी रकाने आहेत. मोबदला 40 लाख आणि सरकारी दराने मूल्य 46 लाख निघालं, तर मुद्रांक शुल्क 46 लाखांवर लागतं. हा फरक पक्षकाराला एका नजरेत कळायला हवा.

वकील, गंगापूर रोड
खरेदीखतापुरतं मान्य, सगळीकडे नाही. मोबदला म्हटलं की माणसाला पैसाच दिसतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 2(ड) पाहा: काही करणं, तसंच काही न करणंही 'कन्सिडरेशन'मध्ये येतं. दुकानदाराची उधारी थकली आहे, तो वर्षभर दावा लावत नाही, त्या बदल्यात ऋणकोचा भाऊ हमी देतो. कलम 127 नुसार ही हमी टिकते. पण भावाच्या हातात रुपयाही पडलेला नाही, म्हणून कुणी हमीपत्रात 'मोबदला: निरंक' लिहिलं, की समोरचा कलम 25 (कन्सिडरेशन नसलेला करार रद्दबातल) दाखवून करारच रद्दबातल असल्याचं म्हणणार. इथे 'प्रतिफल' (बदल्यात जे दिलं, केलं किंवा टाळलं ते) लिहा आणि ते काय आहे तेही लिहा: 'अमुक तारखेपर्यंत दावा न लावणे'.

दस्तलेखक, पंचवटी
मग 'दावा न लावण्याच्या बदल्यात' एवढं लिहिलं तरी भागतं की! सही करणाऱ्याला 'प्रतिफल' समजावून सांगावं लागतं. 'विनामोबदला हक्कसोडपत्र' मात्र गावातल्या आजीलाही कळतं.

द्राक्ष सल्लागार, दिंडोरी
दोघांनीही विसार सोडला. बागेच्या सौद्यात व्यापारी 50 हजार देतो आणि पावतीवर 'मोबदला 50,000' असं येतं. तो विसार आहे, म्हणजे ठरलेल्या किमतीचा पहिला हिस्सा. खरा मोबदला म्हणजे दर गुणिले वजन. पावतीत किलोचा दर, वजन कुठल्या काट्यावर, खराब मण्यांची तूट कोणाची, बाकी रक्कम तोडणीनंतर किती दिवसांत आणि सौदा मोडला तर विसाराचं काय, हे सगळं हवं. भाव पडले की व्यापारी माल उचलत नाही, आणि मोघम पावतीवर शेतकऱ्याला बाकीचे पैसे मागणं अवघड जातं.

भाषांतरकार, नाशिकरोड
म्हणूनच एका शब्दाचा हट्ट नको. अर्जाच्या बाबतीत 'विचाराधीन', वडीलधाऱ्यांच्या बाबतीत 'मुलाहिजा', आजाऱ्याच्या शेजारी आवाज कमी ठेवण्यात 'जाणीव'. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द, आपल्याकडे प्रत्येकाचं घर वेगळं.

वकील, गंगापूर रोड
पण एकाच दस्तात दोन शब्द मिसळू नका. कलम 3 मध्ये मोबदला आणि कलम 7 मध्ये प्रतिफल आलं, की दोन वेगळ्या रकमा होत्या असा वाद उभा राहतो. सुरुवातीलाच व्याख्या द्या आणि शेवटपर्यंत तोच शब्द वापरा.