मदत हवी आहे: मामांच्या एएलएससाठी जीन टेस्ट आणि ट्रायलबद्दल

नमस्कार मंडळी, माझ्या मामांना एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार) आहे, शर्टाची बटणं लावता येत नाहीत आता आणि पाणी पिताना ठसका लागतो. रिलुझोल चालू आहे पण त्याने आजार थोडा हळू होतो एवढंच. २०२३ मध्ये अमेरिकेत टोफरसेन या औषधाला मंजुरी मिळाली, ते कमरेतून मणक्यात देतात, पण एसओडी१ जीनमध्ये बिघाड असेल तरच उपयोग, म्हणून आधी जीन टेस्ट करायचीय. पुण्या-मुंबईत कुठे होते, रिपोर्टला किती दिवस लागतात? आणि सीटीआरआयवर (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदणी वेबसाइट) ट्रायल 'ओपन टू रिक्रूटमेंट' (पेशंट घेणं चालू) दिसली तर डायरेक्ट फोन करायचा की न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी लागते? ट्रायलमध्ये प्लासिबो (खऱ्या औषधासारखा दिसणारा, पण औषध नसलेला डोस) मिळू शकतो हे मामांना सांगितलंय, तरी ते तयार आहेत. कोणी बंगळुरूच्या निमहान्स हॉस्पिटलला दाखवलं असेल तर प्लीज सांगा, लवकर हवंय.