चेनचं हॉटेल स्वच्छ असेल, पण पहाटे सहाला दार कोण उघडतं?

गावभागकर:
काल इथे एकाने लिहिलं, "सांगलीत भर वस्तीत चेनचं हॉटेल दीड हजारात मिळतं. आता स्टँडजवळच्या कळकट लॉजवर उतरणाऱ्याला स्वच्छतेची किंमतच नाही." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. गेल्या महिन्यात लग्नासाठी माझे मामेभाऊ मुंबईहून महालक्ष्मीने आले. गाडी पहाटे पोचते, चेनची खोली दुपारी बाराला. लवकर हवी तर जादा पैसे, तेही खोली रिकामी असली तर. अडुसष्ट वर्षांचा मधुमेही माणूस बॅग पायाशी घेऊन सोफ्यावर बसला, आणि नऊचा मुहूर्त त्यांनी पारोशानेच गाठला. लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असतो. सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. चादर जुनी असेल, पण बादलीभर गरम पाणी तरी मिळतं.

फिरता एमआर:
काका, तुम्ही वर्षातून एकदा पाहुणे उतरवता. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी, महिन्याच्या आठ रात्री सांगली-मिरजेत काढतो. ढेकूण चावून पाठ सुजलेल्या अंगाने डॉक्टरांपुढे उभं राहून बघा. बाथरूमची कडी तुटलेली, उशीला तेलाचा वास, आणि वर पावती पावतीपुस्तकातली. जीएसटी नंबरचं बिल नसेल तर कंपनी माझे पैसे देत नाही. चेनमध्ये बिल मोबाइलवर येतं. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो.

मिरजेची लेक:
मलाही लॉजचं कौतुक सांगू नका. मिरजेत बहिणीचं ऑपरेशन होतं. दवाखान्यांजवळच्या सगळ्या खोल्या पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेल्या, म्हणून रात्री साडेनऊला सांगलीत आले. तीन लॉजवर एकच प्रश्न: "सोबत कोण आहे?" एकटी आहे म्हटल्यावर खोली शिल्लक नाही. चेनवाल्याने आधार बघितलं आणि किल्ली दिली. त्या रात्री मला चोवीस तासांचा हिशेब नको होता, आतून लागणारी कडी हवी होती.

लॉजवाल्याचा मुलगा:
ताई, तुम्हाला परत पाठवलं ते चूकच. पण "कळकट" हा शब्द मला लागला. चेन म्हणजे काय ते आतून सांगतो. बहुतेक ठिकाणी इमारत तीच, मालक तोच, चादरी बदलणारा पोरगाही तोच. बदलते ती पाटी. आम्ही दीड वर्ष एका चेनची पाटी लावली होती. भाडं ते ठरवायचे. बाराशेची खोली सातशेला विकायचे आणि त्यातून कमिशन कापायचे. बारमाही गिऱ्हाईकही मोबाइलवर स्वस्त बघून तिकडूनच यायला लागलं. शेवटी पाटी उतरवली. त्यात कराची भर. जुलै 2022 पर्यंत हजारापर्यंतच्या खोलीला जीएसटी नव्हता. मग 12 टक्के आला, आणि सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. नवा गीझर घेतला की त्यावरचा कर आमच्याच अंगावर.

फिरता एमआर:
पाटी उतरवल्यावर चादरी कुठल्या वापरता?

लॉजवाल्याचा मुलगा:
पांढऱ्याच. त्यांनी घ्यायला लावलेल्या. पांढऱ्यावर डाग दिसतो, म्हणून रोज धुवाव्या लागतात. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

गावभागकर:
चादरी राहू द्या. ऑगस्ट 2019 आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. आमच्या घराचा तळमजला बुडाला. ऐंशीच्या आईला घेऊन विश्रामबागेकडे एका चेनच्या हॉटेलात गेलो, बुकिंग करून, पैसे भरून. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आधार सांगलीचं आहे, लोकल आयडी चालत नाही." आई ओल्या लुगड्यात उभी होती. आमच्याच गावात आम्हाला खोली नाही! हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फिरता एमआर:
वाईट झालं. पण काका, स्टँडकडेही तेव्हा पाणी होतं. तुमचा लाडका लॉज तरी उघडा होता का?

गावभागकर:
नव्हता. तोही पाण्यात होता.

फिरता एमआर:
मग चेनवरच राग का? लोकल आयडीला लॉजवालेही नाही म्हणतात.

मिरजेची लेक:
मलाच म्हणालेत. सासर पुण्याचं, पण आधारवर अजून माहेरचा पत्ता. भावाच्या लग्नात घर भरलं म्हणून मिरजेत खोली मागितली, तर चेन आणि लॉज दोघांनी तोंडावर "लोकल" म्हणून हाकललं. माहेरवाशिणीने उतरायचं कुठे? आणि काका, त्या रात्री आई झोपली कुठे?

गावभागकर:
मिरजेत. दवाखान्यासमोरच्या एका लॉजवर. त्याने आधार बघितलं, वहीत नाव लिहिलं आणि आधी चहा मागवला.

मिरजेची लेक:
म्हणजे मिरजेनेच सांभाळलं. सांगलीकरांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं.

लॉजवाल्याचा मुलगा:
गावच्या माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. धाडीची भीती असते. तपासणीला आले की लोकल नावावर बोट ठेवतात आणि तासभर उभं करतात. माझ्या वडिलांना दोनदा चौकीवर बसवलंय. म्हणून आम्हीही नाही म्हणत आलो.

गावभागकर:
तुमच्या वडिलांना दोनदा बसवलं, माझ्या आईला भर पावसात उभं केलं. तुमची भीती समजते, पण पटत नाही. पुलाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा मिळतो. त्या दिवशी विश्रामबाग आणि मिरजेकडचं कोण सांगलीचं आधार घेईल, तेवढं इथे लिहा. चेन असो, लॉज असो, मी दोन्हीकडे जाईन.

लॉजवाल्याचा मुलगा:
आमचा लॉज पाण्याच्या वाटेवर आहे. विश्रामबागेत मावसभावाच्या सहा खोल्या आहेत. आज विचारून कळवतो.

मिरजेची लेक:
एकट्या बाईला देतात का, तेही विचारा.