अळीचं वय म्हणजे मृत्यूची वेळ, इतकं सोपं नाही

माश्या प्रेतावर अंडी घालतात, त्यातून निघालेल्या अळ्यांचं वय काढलं की मृत्यू कधी झाला ते कळतं, असं म्हणतात. पण प्रेतात ड्रग असेल तर हा हिशोब चुकू शकतो, आणि तपासात ते फार महागात पडतं. अमेरिकेतली स्पोकेनची केस बघा, पाइनच्या जंगलात विशीतल्या मुलीचा मृतदेह सापडला, बहुतेक अळ्या ६ ते ९ मिमीच्या, म्हणजे साधारण आठवडा झालेला, पण एक अळी निघाली चक्क १७.७ मिमीची, तिच्या हिशोबाने तीन आठवडे! तर मुलीने मरण्याआधी कोकेन ओढलं होतं आणि ही अळी नाकापाशी वाढलेली, तिथे कोकेन जास्त म्हणून ती भराभर मोठी झाली. हवाईत कीटकतज्ज्ञ ली गॉफ वगैरेंनी १९८९ मध्ये सशांवर प्रयोग करून कोकेनचा हाच परिणाम दाखवलाय. हेरॉइनमध्ये अळी लवकर वाढते पण कोष फुटायला उलट जास्त वेळ लागतो.

मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक पोटात असेल तर माश्या अंडी घालायलाच उशिरा येऊ शकतात, आपल्याकडे फवारणीचं औषध पिऊन किती जीव जातात, त्यामुळे इथे तर हे आधी बघायला हवं. आणि रक्त, लघवी काहीच उरलं नसेल तेव्हा त्याच अळ्या वाटून विष तपासता येतं.