ओंकारच्या फोटोंचं काय करायचं? (सोसायटी ग्रुप)

जोशी काकू ४०२: नमस्कार मंडळी. कोजागिरीला ओंकारने काढलेले फोटो सगळ्यांनी डीपीला लावलेत म्हणून विचारतेय, त्याचा मामा म्हणतो असे फोटो ऑनलाइन विकतात म्हणे, स्टॉक की काय. कोणाला माहितीये का? आमचा ओंकार कॉलेज सुटलं की कॅमेरा घेऊन गोदाघाटावर, आणि लेन्सचे हप्ते आम्ही भरतोय

देशपांडे सर: स्टॉक म्हणजे शेअर मार्केट का? सांभाळून बरं

मेघना बी-१०३: नाही हो सर. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक अशा साइट आहेत. फोटो तिथे ठेवायचा, ज्याला हवा तो लायसन्स घेऊन वापरतो, फोटो आपलाच राहतो आणि तोच परत दुसऱ्याला, तिसऱ्याला विकला जातो. काकू, मी जाहिरात एजन्सीत आहे, हे फोटो विकत घेणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे ओंकारला थोडं स्पष्टच सांगेन चालेल ना

जोशी काकू ४०२: सांग सांग, आमचं तर ऐकत नाही

ओंकार: ताई हे बघ ना, यातले कुठले चालतील? (१४ फोटो)

मेघना बी-१०३: पहिलं म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो अपलोड करायचा नाही, तो दाबून लहान झालेला असतो, ओरिजिनलच टाक, कमीत कमी ४ मेगापिक्सल लागतात. आता फोटो. रामकुंडावरचा सूर्योदय सुंदरच आहे पण सूर्योदय लाखोंनी पडलेत तिथे, मी घेणार नाही. मला कामाचा फोटो लागतो. तुझा मोदक वळणाऱ्या आजीचा फोटो बघितल्यावर मी थांबले. हातांवर खिडकीतला उजेड, नखात अडकलेली उकड दिसतेय, आणि डावीकडची भिंत मोकळी, तिथे माझी हेडलाइन बसते. याला कॉपी स्पेस म्हणतात, आणि आम्ही खरं तर तीच शोधत असतो

ओंकार: मग तोच टाकतो

मेघना बी-१०३: थांब. झूम करून बघ. कुकरच्या झाकणावर कंपनीचं नाव, शेगडीवर दुसऱ्या कंपनीचं, मागे कॅलेंडर आणि त्यावर कोणातरी चित्रकाराचं लक्ष्मीचं चित्र. जाहिरातीसाठी विकायचा तर यातलं काहीच दिसता कामा नये, रिजेक्ट होणार. नावं क्लोन करून (शेजारचा भाग वर चिकटवून) पुसता येतात पण फोटो परत काढलास तर बरं, कॅलेंडर उतरव, मोदक कुकरऐवजी पातेल्यात उकडा म्हणावं आजींना

जोशी काकू ४०२: कॅलेंडर उतरवून देते, दुधाचा हिशोब आहे त्यावर तेवढा जपून ठेव रे

पवार (पार्किंग): ज्यांची पांढरी स्विफ्ट गेटसमोर आहे त्यांनी कृपया काढावी, टँकर आत येत नाहीये

शिंदे काका: पैसे किती मिळतात ते सांगा की आधी

मेघना बी-१०३: काका सुरुवातीला फार नाही, खरं सांगते. शटरस्टॉकवर पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत विक्रीच्या पैशातले १५ टक्के आपले, मग वाढत वाढत ४० पर्यंत, आणि १ जानेवारीला सगळ्यांची पाटी कोरी, परत १५ पासून. सबस्क्रिप्शनवाल्याने घेतला तर कधीकधी १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. अडोबीवर फोटोला सरळ ३३ टक्के. पंचवीस डॉलर साठल्याशिवाय तिथून पैसे काढता येत नाहीत. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह (म्हणजे फोटो फक्त त्यांनाच द्यायचे) नसेल तर १५ टक्के

शिंदे काका: आठ रुपये?? वडापाव पण येत नाही

मेघना बी-१०३: म्हणून तर दोनचार फोटोंचं काम नाही हे. शेकडो फोटो पाहिजेत आणि वर्ष-दोन वर्ष धीर. घर चालणार नाही, लेन्सचा हप्ता कदाचित निघेल. ओंकार, सुरुवातीला कुणाशी एक्सक्लुझिव्ह करू नको, तोच फोटो दोन्ही-तिन्हीकडे टाकता येतो

कदम वहिनी: फॉरवर्डेड: घरबसल्या फोटो विकून महिना ८०,०००!! रजिस्ट्रेशन फी फक्त ४,९९९

मेघना बी-१०३: वहिनी हे नको. या साइट कॉन्ट्रिब्युटर (फोटो देणारा) व्हायला एक पैसा घेत नाहीत, जो फी मागतो त्याला ब्लॉक करा. वय १८ पूर्ण आणि ओळखपत्र, झालं

देशपांडे सर: आता एआय एका मिनिटात चित्र काढून देतो, कोण घेणार फोटो?

मेघना बी-१०३: बॅकग्राउंड, ढग, ऑफिसमध्ये हात मिळवणारे लोक, हे धंदे गेलेच सर, त्यात पडूच नये. पण मागच्या पाडव्याला मी एआयला गुढी मागितली तर त्याने कलश सुलटा ठेवून दिला, क्लायंट नाशिकचाच, त्याने लगेच पकडलं. मग साइटवर शोधलं तर एक तर कार्टून नाहीतर स्टुडिओत नऊवारी नेसवलेल्या मॉडेल. मला हवा होता गॅलरीत स्टुलावर चढून गुढी बांधणारा बनियनमधला बाबा आणि खालून स्टूल धरलेली मुलगी. मिळालाच नाही! तो ओंकार काढू शकतो. हे मात्र माहीत असू दे, अडोबीने २०२३ मध्ये फायरफ्लाय नावाचं चित्रं काढणारं एआय आणलं ते त्यांच्या याच स्टॉक फोटोंवर शिकवलेलं, त्यामुळे सही करण्याआधी अटी वाच

ओंकार: पण ताई पाडवा मार्च-एप्रिलमध्ये

मेघना बी-१०३: आणि मी फोटो शोधते जानेवारीत. दोन-तीन महिने आधी फोटो साइटवर पाहिजे. आता संक्रांत घे, तीळ भाजणं, हलव्याचे दागिने, सुगडं. मग बाकी रोजचं, आजोबा मोबाईलवर भाजीवाल्याला पैसे पाठवताना, पोळीचा डबा, क्लासला निघालेली पोरं. आणि नाशिकमध्ये राहून द्राक्षं आणि लासलगावचा कांदा नाही काढलास तर काय उपयोग

शिंदे काका: मोबाईलवाले आजोबा म्हणजे मी का? आमचा चेहरा उद्या कवळीच्या जाहिरातीत आला तर?

मेघना बी-१०३: काका येऊ शकतो हा, लपवत नाही. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याची मॉडेल रिलीजवर (फोटो वापरायच्या संमतीपत्रावर) सही लागते, साक्षीदाराची पण, लहान मुलं असतील तर आईवडिलांची. माणसाला आजारी किंवा वाईट अर्थाने दाखवायला लायसन्समध्ये बंदी असते, पण एकदा सही दिली की कुठे छापायचा ते आपल्या हातात नाही. नको वाटत असेल तर नुसते हात द्या, हातांचे फोटो भरपूर जातात

शिंदे काका: हात घ्या. मिशी नको

ओंकार: आणि गेटवेचा रात्रीचा आहे माझा, मागे ताज, तो?

मेघना बी-१०३: ताज हॉटेलच्या इमारतीचा २०१७ मध्ये ट्रेडमार्क झालाय, त्यामुळे जाहिरातीला नाही, एडिटोरियलमध्ये टाक. एडिटोरियल म्हणजे बातमी-लेखांसाठी, तिथे लोगो, गर्दी, चेहरे बिना सहीचे चालतात, फक्त कॅप्शनमध्ये गाव आणि तारीख लिहायची आणि फोटोशॉपमध्ये काही काढायचं-घालायचं नाही. २०२७ ला आपल्याकडे सिंहस्थ आहे विसरू नको, जगभरातनं फोटोवाले येतील पण आखाडे यायच्या आधीचा घाट, बांधकाम, नदीचं रिकामं पात्र, हे इथल्या पोरालाच मिळणार

देशपांडे सर: ते व्हिडिओवाले संदीप माहेश्वरी, त्यांचा पण असाच धंदा होता ना?

मेघना बी-१०३: हो सर, इमेजेसबझार नावाची त्यांची फोटोंची साइट, २००६ पासून, सगळे भारतीय चेहरे. तेव्हा परदेशी साइटवर आपली माणसं शोधून सापडायची नाहीत

ओंकार: कीवर्डला काय लिहू, पुरणपोळी?

मेघना बी-१०३: पुरणपोळी लिहीच, पण जर्मनीतल्या डिझायनरला तो शब्द येत नाही, तो स्वीट फ्लॅटब्रेड, इंडियन फेस्टिव्हल फूड असं शोधतो, सगळं इंग्लिशमध्ये. अडोबीवर असे ४९ पर्यंत कीवर्ड चालतात, पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे. फोटोत नाही ते लिहायचं नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन ये, दहा फोटो मिळून करू, पुढचे तुझे तू

सीए कुलकर्णी: एक मुद्दा. अमेरिकन साइट आहेत तर डब्ल्यू-८बेन (अमेरिकेबाहेरच्यांसाठीचा त्यांचा टॅक्स फॉर्म) भरताना पॅन टाक, भारत-अमेरिका कराराने १५ टक्के कापतात, नाहीतर ३०. तेही फक्त तिकडच्या विक्रीवर. इथे रिटर्नमध्ये दाखवायचं, कापलेल्याचं क्रेडिट मिळतं. माझ्याकडे ये, फी नाही, एक फॅमिली फोटो काढून दे

ओंकार: थँक्यू काका! गच्चीवरच्या सोलर पॅनलचे पण काढायचेत, साफ करताना, मागे पांडवलेणीचा डोंगर येतो

मेघना बी-१०३: अरे हे तर आधी काढ, सोलरला आत्ता फार मागणी आहे. पॅनलवरचं कंपनीचं नाव टाळ. इमारत ओळखू येत असेल तर प्रॉपर्टी रिलीज पण घेऊन ठेव सोसायटीचं

सेक्रेटरी: प्रॉपर्टी रिलीज म्हणजे सोसायटीच्या वतीने सही. ती मी एकटा करू शकत नाही, कमिटीचा ठराव लागेल. येत्या मीटिंगमध्ये विषय क्र. ५ म्हणून घेतो, ४ नंबरला लिफ्ट आहे

कदम वहिनी: सोसायटीला किती टक्के?

सेक्रेटरी: तो विषय क्र. ६

पवार (पार्किंग): स्विफ्ट अजून तिथेच आहे