जर्मनीहून रीसलिंग या पांढऱ्या वाईनची बाटली आलीये, सोबत जेवायला काय करू?

गोदाकाठ_७७:
मंडळी जरा मदत करा. भाचा जर्मनीत शिकतो, सुट्टीला आला तो उंच हिरवी बाटली घेऊन आला, लेबलवर रीसलिंग, काबिनेट, मोझेल असं काय काय लिहिलंय आणि अल्कोहोल फक्त ८.५ टक्के. आपल्याकडची १२-१३ ची असते ना? वर तो म्हणतो थोडी गोड लागेल, म्हणजे मला तर स्वस्तातलीच वाटतेय, त्याला बोललो नाही अजून. गंगापूर रोडला राहून मला शेनिन आणि सॉव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाईन सोडून काही कळत नाही. रविवारी मित्र जेवायला आहेत, घरात काळ्या मसाल्याचं मटण ठरलंय. जमेल का?

बागवाला_निफाड:
स्वस्तातली नाही हो भाऊ. मोझेल नदीचं खोरं ५० अक्षांशावर आणि आपण २० वर, तिकडे द्राक्षाचा मणी सावकाश पिकतो, तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, त्यामुळे साखर भरली तरी आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी करायची आणि जानेवारी ते मार्चमध्ये वाईनची तोडणी, निफाडला डिसेंबरात कितीही कुडकुडलो तरी फेब्रुवारीत दुपारचं ऊन तापलं की ब्रिक्स (रसातली साखर) पळतं आणि ॲसिड पडतं, मग रात्री-पहाटे तोडायची धावपळ. तिकडे बागा नदीकाठच्या खड्या चढावर, पाटीच्या काळ्या दगडात. दगड दिवसा तापतो आणि रात्री मुळांजवळ ऊब ठेवतो. काही उतार इतके उभे की ट्रॅक्टर चढतच नाही, सगळी तोडणी हातानं. मजूर कुठून आणतात देव जाणे, आपल्याला सपाटीवर मिळेनात.

टेस्टिंगवाला:
निफाडकरांनी बरोबर सांगितलंय. अल्कोहोल कमी कारण आंबवणं मध्येच थांबवतात, सगळी साखर संपू देत नाहीत, उरते तीच गोडी. काबिनेट म्हणजे त्यातल्या त्यात हलकी, द्राक्ष आणखी पिकवून काढलं की स्पेटलेझे, त्याच्या वर आउसलेझे. लेबलवर ‘ट्रोकन’ असेल तर मात्र कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, तुमच्यावर नसणार. रीसलिंग ही द्राक्षाची जात जुनी आहे, ऱ्हाईनजवळच्या रुसेल्सहाइममध्ये १४३५ सालच्या एका सरदाराच्या हिशेबात रीसलिंगची रोपं विकत घेतल्याची नोंद सापडते. फ्रान्सच्या अल्सासमध्ये हीच जात बहुतेक कोरडी करतात, ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीत पण. आपल्या नाशकात सुला वायनरीची पण रीसलिंग आहे, तीही चाखून बघा, तुलना करायला मजा येईल.

आता जेवण. अल्कोहोल जास्त असलं की मिरची अजून झोंबते, इथे ते कमी आणि वर गोडी, म्हणून तिखटाला ही बरी. पण काळ्या मसाल्याच्या मटणापुढे ही बिचारी दिसणारच नाही. मटणाच्या आधी उघडा. अळूवडी करा, चिंच-गुळाची, आंबट-गोड-तिखट तिन्ही एकदम, याच्यासारखी जोडी नाही. नाहीतर नारळाच्या दुधातली कोलंबी किंवा साबुदाणा वडा आणि दाण्याची चटणी. रवा फ्रायला मी कोरडी घेईन.

तर्रीबहाद्दर:
आणि मिसळ? नाशकात राहून कुणी विचारलंच नाही 😀 (मला विचाराल तर मिसळीसोबत ताकच, पण रविवार सकाळ कुणाची कशी असते सांगता येत नाही)

टेस्टिंगवाला:
@तर्रीबहाद्दर तेलाचा तवंग आंबटपणाने कापला जातो म्हणून चालेल. फक्त मटकीची उसळ तिखटजाळ नको, नाहीतर बाटलीचे पैसे वाया.

गोदाकाठ_७७:
लय भारी, अळूवडी फायनल. दोन शंका, किती गार करू? आणि भाचा म्हणतो कधी कधी रॉकेलचा वास येतो, म्हणजे खराब का?

टेस्टिंगवाला:
खराब नाही. रीसलिंग जुनी होत गेली की त्यात टीडीएन नावाचं एक द्रव्य तयार होतं, त्याचा तो वास, काही लोक मुद्दाम त्याच्यासाठी बाटल्या ठेवतात. उन्हात वाढलेल्या द्राक्षात तो जरा जास्तच येतो. नव्या बाटलीत हिरव्या सफरचंदासारखा, लिंबासारखा वास यायला हवा. फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठेवा, ८-१० डिग्री पुरे, बर्फ ग्लासात टाकू नका. उरली तर बूच लावून परत फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस सहज चालेल. आणि भाच्याला एकदा नीट थँक्यू म्हणा 🙂