पहिली छोटी होडी: जुनी फायबर घेताना काय बघू?

प्रश्न: मालवणजवळ किनाऱ्यालगत गरीने मासेमारी करायची आहे. १८ फुटी जुनी फायबर होडी आणि ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) मिळतंय. काय तपासू?

उत्तर: इंजिन अडकवतात ती मागची फळी आधी बघा. आतलं प्लायवूड कुजतं आणि बाहेरून कळतही नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोका. टणक आवाज हवा. बद्द आला तर पाणी मुरलंय. मग इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, धरून हलवा. फळी लवली तर सौदा सोडाच. नुसत्या ताज्या रंगावर भुलू नका.

उत्तर: इंजिन पिंपभर पाण्यात, थंड असतानाच सुरू करायला लावा. कूलिंगच्या भोकातून सतत धार हवी. नसेल तर इम्पेलर (थंड करायचं पाणी खेचणारं पंपातलं चाक) गेलाय किंवा मिठाने वाट बुजलीय. परतल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने १० मिनिटं चालवा.

उत्तर: नांगराचा दोर खोलीच्या पाचपट तरी हवा, ५ वाव (एक वाव म्हणजे साधारण ६ फूट) पाण्यात २५ वाव. आखूड दोराने नांगर उचलला जातो आणि होडी खडकाकडे सरकते. नोंदणी, परवाना नावावर होईल का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पैसे द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते.